मदत हवी आहे: मर रोग लागलेली डाळिंबाची झाडं मिनी ट्रॅक्टरने काढायची आहेत

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, लागण १४ बाय १० फुटांवर. यंदा साठेक झाडं मर रोगाने गेली. आधी एक फांदी पिवळी पडते, मग बघता बघता अख्खं झाड उभ्या उभ्या वाळतं. एक खोड आडवं कापलं तर आत काळपट तपकिरी पट्टे. बुंध्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, खाली बारीक भुसा. ७ वर्षं लेकरासारखी जपलेली झाडं, बघवत नाही हो.

रविवारी आम्ही तिघा मित्रांनी इर्जिक (मिळून एकमेकांच्या शेतातलं काम) घालायचं ठरवलंय. दोघांकडे १८ एचपीचे मिनी ट्रॅक्टर आहेत. जेसीबी नको, शेजारच्या चांगल्या झाडांच्या मुळ्या तुटतील. काल साखळी बांधून एक खोड ओढून पाहिलं, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली गेली. काळजात धस्स झालं! साखळी वर टॉपलिंकजवळ (ट्रॅक्टरच्या मागची वरची जोडणी) अडकवली होती, ती चूक. आता खाली ड्रॉबारलाच (ओढण्यासाठीचा मागचा खालचा दांडा) बांधणार आणि आधी कुदळीने मुळ्या मोकळ्या करणार.

पण एवढ्या ताकदीत ७ वर्षांचं खोड मुळासकट निघेल का, की बुंधा कापून फक्त खुंट ओढावा? काढलेलं झाड ओढत नेलं तर रोगट माती चांगल्या ओळीत सांडेल, म्हणून खड्ड्याजवळच जाळावं का? टायरची माती प्रत्येक ओळीनंतर धुता का? आणि त्याच खड्ड्यात नवं रोप कुणी लावून जगवलंय का, किती दिवसांनी?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया रविवारच्या आत सांगा.