नो वन लिव्ज फॉरेव्हर स्टीमवर का नाही?

जुनी_सीडी: 2000 सालचा गेम, माझ्याकडच्या सीडीवर एवढे ओरखडे पडलेत की ड्राइव्ह नुसता घरघर करतो आणि 63 टक्क्यांवर अडकतो. स्टीम, जीओजी, गेम विकणाऱ्या सगळ्या ऑनलाइन दुकानांत शोधून झालं, नाहीच. पैसे द्यायला तयार आहे राव, मग विकत का नाहीत?

पिक्सेलपंत: हक्कांचा घोळ. वॉर्नर, ॲक्टिव्हिजन, फॉक्स, कोणाकडे नक्की काय हेच धड ठरत नाही. जुने गेम पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्ह कंपनीने 2014 ला बराच प्रयत्न केला, नाही जमलं.

रात्रपाळी: त्याच नाइटडाइव्हने सिस्टम शॉक 2 हा जुना गेम मात्र 2013 मध्ये जीओजीवर आणला, आणि त्याचे हक्क होते चक्क एका विमा कंपनीकडे, बोला आता!

जुनी_सीडी: विमा कंपनी?? 😂 बरं, तोवर सीडीला टूथपेस्ट चोळून बघतो.