मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यावर टक्केवारी कितपत धरायची?

नमस्कार मंडळी. मावसभाऊ, वय पंचविशीतलं, सिन्नरहून येताना मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट अर्थातच हँडलला अडकवलेलं! नाशिकलाच आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. आणला तेव्हा जीसीएस ६ होता (म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे ते सांगणारा आकडा; १५ पैकी, सगळ्यात कमी ३ असतो, शून्य नाही). टॉर्च मारला की दोन्ही बाहुल्या आकसत होत्या, चिमटा काढला की हात मागे घ्यायचा.

एका नातेवाइकाने 'क्रॅश' कॅल्क्युलेटर पाठवला. २००८ साली १०,००८ रुग्णांच्या माहितीवरून तो मांडला गेला. देश, वय, जीसीएस, बाहुल्या, इतर मोठी दुखापत आणि सीटी स्कॅनवरून तो १४ दिवसांत मृत्यूची, शिवाय ६ महिन्यांनी मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाची शक्यता सांगतो. पण हे आकडे गटाचे, आमच्या एकट्या पोराचे नाहीत, असं मला वाटतं. मावशीला मी टक्के सांगितलेले नाहीत.

न्यूरोवाल्यांनो, आता झोपेची औषधं चालू आहेत. मग आजचा जीसीएस भरायचा की दाखल करतानाचा? आणि नाशकात घरी येऊन फिजिओ, स्पीच थेरपी देणारं कोणी माहीत असेल तर कृपया मेसेज करा.