नवा राऊटर आणि ९४ वर अडलेला वेग

बी-३०२ : सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही इंटरनेटचा प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा करून घेतला. परंतु लॅपटॉपला वायर जोडून वेग मोजला, तरी आकडा ९४ च्या पुढे सरकत नाही, आणि मागच्या बेडरूममध्ये, जिथे बसून मी घरून काम करते, तिथे मीटिंगच्या मध्येच आवाज तुटतो. फायबर देणाऱ्या कंपनीचा माणूस ‘आमच्याकडून सर्व ठीक आहे, राऊटर बदला’ असे सांगून गेला. दुकानदाराने चार अँटेनांचा, खोक्यावर १२०० असे ठळक लिहिलेला राऊटर दाखवला आहे. तो घ्यावा का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

ए-१०४ : आमच्याकडे सहा अँटेनांचा आहे आणि तरीही स्वयंपाकघरात रेंज मिळत नाही. त्यामुळे अँटेना मोजून राऊटर घेऊ नये, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

सी-२०१ : ताई, घाईने काहीही विकत घेऊ नका. २०० च्या प्लॅनवर बरोबर ९४ दिसणे हा योगायोग नसतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून, म्हणजे वायर खोचायच्या खाचेतून, माहितीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर जाणारा पत्त्याबित्त्याचा भार वजा केला की हातात साधारण ९४ च उरतात, म्हणजे वाटेत कुठेतरी एक कडी १०० चीच आहे. ती राऊटरचे पोर्ट असेल, फायबर घरात ज्याला येऊन जोडले जाते त्या पांढऱ्या डब्याचे पोर्ट असेल किंवा या दोघांना जोडणारी वायर असेल. राऊटरच्या तळाशी मॉडेलचा क्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून पोर्टपुढे ‘१०/१००’ लिहिले आहे की ‘१०/१००/१०००’, म्हणजे गिगाबिट, ते आधी पाहावे.

दुकानदाराने दाखवलेल्या १२०० बद्दलही सांगतो. तो वेग कोणत्याही एका मोबाईलला कधीच मिळत नाही. वायफाय ज्या दोन रेडिओपट्ट्यांवर चालते, त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कागदोपत्री ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ८६७ यांची बेरीज करून, ती वर सरकवून हा आकडा छापलेला असतो. अशा स्वस्त राऊटरांपैकी कित्येकांच्या पाठीमागची पोर्ट मात्र १०० चीच असतात. म्हणजे नळ मोठा आणि त्याला जोडलेली नळी सलाईनची, असा तो प्रकार आहे.

बी-३०२ : काका, पाहिले. माझ्या राऊटरची चारही पोर्ट १०/१००/१००० आहेत आणि पांढऱ्या डब्यावरही गिगाबिट असे लिहिले आहे. मग?

सी-२०१ : मग वायर पाहा. टोकाचा जॅक पारदर्शक असतो, त्यातून आत किती रंगांच्या तारा दिसतात ते मोजून सांगा.

बी-३०२ : केशरी आणि हिरवा या दोन जोड्या दिसतात, म्हणजे एकूण चारच तारा. निळी आणि तपकिरी जोडी जॅकमध्ये नाही.

सी-२०१ : तिथेच मेख आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही, म्हणजे आठ तारा लागतात. जोडणी करणाऱ्याने उरलेल्या चार तारा कापून वेळ वाचवला आणि दोष राऊटरच्या माथी आला. आठही तारा बसवलेली कॅट ५ई दर्जाची वायर लावा. आणि गंमत पाहा, आपण तो नवा राऊटर आणला असता, तरी हीच जुनी वायर त्यालाही जोडली गेली असती आणि आकडा ९४ च राहिला असता.

डी-४०३ : विषय निघालाच आहे, तर माझाही प्रश्न विचारतो. आमचा राऊटर नऊ वर्षांपूर्वीचा असून त्यात ५ गिगाहर्ट्झ नाही. रात्री नऊनंतर टीव्हीवर चित्र थांबत थांबत येते, सकाळी मात्र काहीही अडचण नसते. मलाही वायरच बदलावी लागेल का?

सी-२०१ : नाही, आपल्याला खरोखरच नवा राऊटर लागेल. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन आहेत, १, ६ आणि ११. जिन्यात उभे राहून मी एकदा मोबाईलवर मोजले, तेव्हा आपल्या इमारतीतील आणि शेजारची मिळून २० हून अधिक नेटवर्के दिसली. रात्री सगळी घरे एकदम टीव्ही लावतात आणि ही सारी त्या तीन गल्ल्यांतून वाट काढतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतात.

घेताना वायफाय ६ चा, दोन्ही पट्ट्यांचा आणि सर्व पोर्ट गिगाबिट असलेला घ्यावा. वायफाय ७ ची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून मिळू लागली आहेत, परंतु घरातील मोबाईल आणि टीव्ही त्या पिढीचे नसतील, तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत आतली चिप वेगळी असू शकते. त्यापेक्षा खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे शेवटचे सॉफ्टवेअर अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे. दोन वर्षांत एकही अपडेट नसेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा, असे माझे मत आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि राऊटर लाखोंनी ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता म्हणून. त्यामुळे राऊटर घरी आणताच पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय) बंद करावे आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) चालू करावे. जुनी उपकरणे जोडली जात नसतील, तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय ठेवावा.

ए-१०४ : राऊटर बिघडतो म्हणतात, पण आमच्याकडे दोन वेळा बिघडला तो अडॅप्टरच. राऊटर फेकण्यापूर्वी तेवढे तपासून घ्यावे.

सी-२०१ : अगदी योग्य. फक्त नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात, आणि पिनेचे अधिक-उणे चिन्ह जुळायला हवे. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या वेळेसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायचा असेल, तर त्यावर राऊटर आणि पांढरा डबा दोन्ही चालायला हवेत. एकटा राऊटर चालू ठेवून उपयोग नाही.

बी-३०२ : काका, वायर बदलली आणि आता वेग १९० च्या आसपास येतो. आपले मनापासून आभार. मागच्या बेडरूमचा प्रश्न मात्र तसाच आहे. राऊटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, लोखंडी शटरच्या मागे आहे आणि बेडरूमपर्यंत मध्ये दोन भिंती येतात.

सी-२०१ : प्रथम तो कपाटामागून काढून हॉलमध्ये उंचावर, मोकळा ठेवून पाहा. लोखंड वायफाय अडवते आणि कोंडलेल्या जागेत राऊटर मे महिन्यात तापतो, ते वेगळेच. तरीही रेंज कमी पडली, तर बेडरूमपर्यंत वायर नेऊन तिथे दुसरा लहान राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेले इंटरनेट वायफायवर देण्यापुरता, लावावा. भिंतीत खोचायचा रिपीटर बहुतेकदा ज्या हवेतून ऐकतो त्याच हवेतून पुढे बोलतो, त्यामुळे त्यात वेग निम्म्यावर येतो.

सचिव : वायर सामाईक जिन्यातून नेऊ नये आणि बाहेरच्या भिंतीला छिद्र पाडू नये, ही विनंती. घराच्या आतून किंवा डक्टमधून नेण्यास हरकत नाही.

सी-२०१ : घराच्या आतूनच नेऊ. ताई, साधारण १५ मीटर वायर आणि चार जॅक आणून ठेवावेत. क्रिम्पिंगचे पक्कड माझ्याकडे आहे, शनिवारी सकाळी दहा वाजता येतो.