मदत हवी आहे : चोरीचं चित्र सापडलं, आता ताबा कसा मिळवायचा?

सदाशिव पेठेतल्या आत्याच्या घरातून चोरीला गेलेलं तैलचित्र पोलिसांना सापडलंय. सध्या ते मुद्देमालात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली कोर्टात अर्ज केला की सुपुर्दनाम्यावर (म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) मिळू शकतं, पण बाँडसाठी किंमत सांगावी लागेल आणि तिथेच अडलंय. चित्रकार मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, फारसे गाजले नाहीत. नामवंत चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र २०२१ मध्ये जवळपास ४० कोटींना गेलं, पण त्यावरून याची किंमत कशी काढणार? पावती नाही, चित्रकाराचं पत्र आणि भिंतीवरचे जुने फोटो आहेत. मालकी दाखवायला तेवढं चालेल का? पुण्यात लेखी मूल्यांकन करून देणारं खात्रीचं कोणी असेल तर कृपया कळवा. पावसाळ्याआधी व्हायला हवं. ओल लागली की कॅनव्हासला बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात.