एकच चित्र, प्रत्येकाला वेगळं दिसलेलं: तुमचे अनुभव सांगा

बकुळफूल:
आज दुकानात पायपुसण्यावर वारली चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते देवीचं चित्र, छापलेला बघितला आणि पोटात कसंतरी झालं. डहाणूकडे शिक्षिका होते तेव्हा पाड्यावर लग्नाला गेले होते. गेरूच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या, बांबूची काडी टोकाला चावून केलेला कुंचला. मी कडेची नक्षी वहीत उतरवत होते. त्या बायकांचं सगळं लक्ष मधल्या पालघट देवीकडे. ती बसल्याशिवाय लग्न लागत नाही. तुम्हाला असं काही आठवतं का?

तारपा:
ताई, पायपुसण्याचं वाचून वाईट वाटलं. माझी आजी धवलेरी, गाणी म्हणून लग्नं लावायची. आमच्यातले चित्रकार जिव्या सोमा म्हसेंनी वारली चित्रं कागदावर काढायला घेतली, 2011 ला पद्मश्री मिळाली, म्हणून आज आम्हाला चित्रांवर पोट भरता येतं. मी कॅनव्हासवर शेत, मासेमारी, तारपा नाच (तारपा म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) सगळं काढून विकतो. देवचौक विकत नाही. गिऱ्हाईक मागतं तरी नाही.

सुगरण७२:
आमच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आहे, पणजीच्या वेळची. काचेवर कुंकवाचा थर. जेजेत चित्रकला शिकणारा भाचा आला की म्हणतो काच पुसू द्या, साडीच्या चुण्यांचं काम बघायचंय. सासूबाई हात लावू देत नाहीत. कुकर झाला, नंतर लिहिते

मुशाफिर:
म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधली दिवा घेतलेली बाई! अर्धे लोक रविवर्म्याचं म्हणतात, पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. आमचे हे फोटोग्राफर, बोटांच्या कडेने उजेड लालसर कसा झिरपतो तेच बघत राहिले. आई म्हणाली, ज्योतीला हात आडवा धरलाय म्हणजे वारा सुटलाय, ही तुळशीपाशी निघाली असणार.

बकुळफूल:
@मुशाफिर आईंचं किती खरं! माझ्या तर हातालाच ऊब जाणवली वाचून. @तारपा दादा, तारप्याच्या नाचाचं चित्र हवंय, मुलीच्या खोलीत लावायला. तिला त्यात शंख दिसतो.

तारपा:
दिसू दे की. मधे वाजवणारा असतो, नाचणाऱ्यांनी त्याला पाठ दाखवायची नाही, म्हणून ओळ तशी वळत जाते. एवढं तिला सांगा. निरोप टाकतो.

सुगरण७२:
आले परत. गेरू कुठे मिळेल हो, ठाण्यात? कुंड्या रंगवायच्यात

मुशाफिर:
रांगोळीवाल्याकडे विचारा, आमच्याकडे तिथेच मिळतो.