प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकातील ल्यूमेन, थ्रो आणि ४के यांचा नेमका अर्थ काय?

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, महाल
नमस्कार. नागपूरच्या महाल भागातील आमच्या लहानशा वाचनालयाच्या सभागृहासाठी प्रोजेक्टर घ्यायचा आहे. भिंतीवर ८ फूट रुंद चित्र बसेल एवढी मोकळी जागा आहे. व्याख्याने सायंकाळी ५ वाजता होतात आणि त्या वेळी पश्चिमेच्या खिडक्यांमधून भरपूर उजेड येतो. सीताबर्डीच्या बाजारातून दोन कोटेशन आणली. पहिल्या यंत्रावर ‘९,००० ल्यूमेन, ४के सपोर्ट, कॉन्ट्रास्ट १०,०००:१’ असे लिहिले आहे. दुसऱ्यावर केवळ ‘३,३०० ल्यूमेन’ आहे आणि किंमत मात्र जवळजवळ चौपट. उजेड एक तृतीयांश आणि पैसे चौपट, हे कार्यकारिणीला कसे पटवून द्यावे, हे मला कळत नाही. या शब्दांचा अर्थ जाणकारांनी कृपया उलगडून सांगावा.

उत्तर १ : निवृत्त ध्वनिचित्र तंत्रज्ञ, धरमपेठ
ल्यूमेन हे प्रकाशाच्या एकूण राशीचे एकक आहे, परंतु ती राशी कोठे मोजली यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९२ मध्ये जी पद्धत ठरवून दिली, तिच्यात पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग पाडून प्रत्येकाच्या मध्यावर मापन करतात आणि त्या सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. ‘अ‍ॅन्सी ल्यूमेन’ हा शब्द तेथून आला. म्हणजे हा प्रकाश भिंतीपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेला असतो. स्वस्त यंत्रांवरचा आकडा पुष्कळदा आतल्या एलईडीचा असतो आणि काही वेळा तर निव्वळ मनचा. भिंगातून बाहेर पडेपर्यंत त्यातला फार थोडा उरतो.

आपल्या भिंतीचे गणित करून पाहू. ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच चित्राचे क्षेत्रफळ सुमारे ३.३४ चौरस मीटर होते. खरे ३,३०० ल्यूमेन त्यावर पसरले, तर सुमारे ९९० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर तितके ल्यूमेन, मिळतात. पहिल्या यंत्राचे खरे ३०० ल्यूमेन धरले, तर ९० लक्स. आता खिडकीचा १५० लक्स उजेड त्याच भिंतीवर पडत आहे असे समजा. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही; चित्रातला काळा भाग म्हणजे त्या उजेडातली आपली भिंतच. त्यामुळे दुसऱ्या यंत्राचा पांढरा भाग काळ्याच्या साडेसात पट उजळ दिसेल, तर पहिल्याचा जेमतेम दीडपट. मग १०,०००:१ या कॉन्ट्रास्टला, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाच्या गुणोत्तराला, सायंकाळी ५ वाजता काही अर्थ उरत नाही. तो आकडा अंधाऱ्या खोलीत, एकदा पूर्ण पांढरे आणि एकदा पूर्ण काळे चित्र दाखवून काढलेला असतो.

उत्तर २ : संगणक शिक्षिका, प्रतापनगर
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. ‘४के सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच, की ३८४० × २१६० चे चित्र यंत्र आत घेऊ शकते; बाहेर ते स्वतःच्या मूळ क्षमतेइतकेच दाखवते. दुकानदाराला ‘नेटिव्ह रिझोल्यूशन किती?’ असा स्पष्ट प्रश्न विचारावा. अशा यंत्रांत ते कधीकधी ८५४ × ४८० निघते, म्हणजे सुमारे ४ लाख १० हजार बिंदू. १९२० × १०८० मध्ये तेच २० लाख ७३ हजारांवर जातात. देवनागरीसाठी हा फरक फार जाणवतो. आमच्या वर्गात जुन्या प्रोजेक्टरवर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जात आणि मुले अंदाजानेच वाचत असत.

‘थ्रो रेशो’ म्हणजे भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ ते १.८ थ्रो असलेले यंत्र ८ फुटी चित्रासाठी १२ ते साधारण साडेचौदा फुटांवर बसवावे लागेल. ‘कीस्टोन’ हा कमानीच्या माथ्यावर बसवलेल्या पाचरीसारख्या दगडाचा शब्द. यंत्र तिरपे ठेवले की चित्राला तोच आकार येतो. बटण दाबून तो सरळ करता येतो, पण त्यात कडेचे बिंदू वाया जातात आणि अक्षरे मऊ पडतात. ‘लेन्स शिफ्ट’मध्ये भिंगच सरकते, म्हणून काही गमवावे लागत नाही.

प्रश्नकर्ता, महाल
दोघांचेही मनःपूर्वक आभार. दुसऱ्या यंत्राचा थ्रो विचारला, तो १.५ ते १.८ असाच आहे. मात्र भिंतीपासून १० फुटांवर छताचा पंखा आहे आणि तो मे महिन्यात बंद ठेवणे अशक्य आहे. छत ११ फूट उंच आहे. शिवाय दुकानदार म्हणतो, की दिव्याऐवजी लेसरचे यंत्र घ्या, ते २०,००० तास चालते.

उत्तर ३ : निवृत्त ध्वनिचित्र तंत्रज्ञ, धरमपेठ
पात्यांच्या पातळीच्या वर भिंग ठेवले, तर व्याख्यानभर पडद्यावर पात्यांची सावली फिरत राहील. म्हणून दोन ते अडीच फुटांचा दांडा लावून भिंग पात्यांच्या खाली, साधारण साडेआठ-नऊ फुटांवर आणावे आणि यंत्र उलटे टांगावे. उलट्या टांगलेल्या बहुतेक यंत्रांचे चित्र भिंगाच्या रेषेखाली पडते, त्यामुळे वरची कड ८ फुटांवर ठेवल्यास कीस्टोनला हात लावावा लागणार नाही.

तासांचे म्हणाल, तर आठवड्याला दोन तास धरल्यास वर्षाला सुमारे शंभर तास होतात. ५,००० तासांचा साधा दिवाही आपल्या सर्वांच्या हयातीनंतर शिल्लक राहील. तेवढ्यासाठी लेसरला जादा पैसे देऊ नयेत. माझ्या मते तापमानाची ओळ अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक माहितीपत्रकांत कमाल ३५ ते ४० अंश दिलेले असतात आणि नागपुरात बाहेरच ४५ होते. छताखाली तर गरम हवा साचून राहते. कूलर लावणार असाल, तर त्याचा दमट झोत यंत्रावर थेट येऊ देऊ नये. हवेची गाळणी असल्यास ती उन्हाळ्यात दर महिन्याला झाडावी.

एक राहिले. दुसरे यंत्र एका चिपचे डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपने चित्र उमटवणारे) असल्यास रंगांचा उजेड वेगळा विचारून घ्यावा. त्यातल्या रंगचक्रात, म्हणजे प्रकाशापुढे फिरणाऱ्या रंगीत काचांच्या चकतीत, पुष्कळदा एक पांढरा पट्टा असतो. त्याने पांढऱ्याचे ल्यूमेन वाढतात, पण लाल-पिवळे फिके राहतात. केवळ अक्षरे दाखवायची असतील तर फारसे बिघडत नाही, नकाशे किंवा चित्रे दाखवायची असतील तर तीन एलसीडी पट्ट्यांचे यंत्रही पाहून ठेवावे. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत नव्हे, आपल्याच सभागृहात, पडदे न लावता, सायंकाळी ५ वाजता दाखवण्यास सांगावे.

प्रश्नकर्ता, महाल
शनिवारी ५ वाजता दोन्ही यंत्रे घेऊन या, असे दुकानदाराला सांगितले. दुसऱ्या यंत्रासाठी तो लगेच तयार झाला. पहिल्याविषयी मात्र ‘ते रात्री बघा’ असे त्याचे उत्तर आले.