मदत हवी आहे: सीटी स्कॅनच्या डोसवरून कॅन्सरचा धोका कसा काढायचा?

वर्धारोड_४४: बायको, वय ३०, मुतखडा. धंतोलीतल्या एका सेंटरला आधी साधा सीटी केयूबी (किडनी ते मूत्राशय), नंतर सीटी युरोग्राफी (शिरेतून औषध देऊन मूत्रमार्गाचा सीटी). डोसच्या पानावर पहिल्याचा सीटीडीआय (एका जागचा डोस) ९.८, डीएलपी (स्कॅनच्या पूर्ण लांबीचा डोस) ४६०. दुसऱ्याचा एकूण डीएलपी १४२०. बेरीज १८८०. दर सीव्हर्टला (शरीराला होणाऱ्या अपायाच्या हिशेबाने डोसचं एकक) कॅन्सरचा धोका ५.५ टक्के धरला तर धोका १० टक्के निघतो. हे खरं आहे काय? जाणकारांनी सांगावं.

किरणमापक: नाही भाऊ, एककात गफलत आहे. डीएलपी मिलिग्रे-सेंटिमीटरमध्ये असतो (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं एकक, गुणिले स्कॅनची लांबी), तुम्ही तो मिलिसीव्हर्ट धरला. मोठ्या माणसाच्या पोट-ओटीपोटाच्या सीटीला ०.०१५ ने गुणायचं (छातीला ०.०१४, डोक्याला ०.००२१). १८८० × ०.०१५ = २८ मिलिसीव्हर्ट. ५.५ टक्क्यांनी हे ०.१५ टक्के होतं. पण तो दर सगळ्या वयांचा, स्त्री-पुरुष मिळून काढलेला सरासरी आहे आणि रेडिएशन संरक्षणाच्या नियोजनासाठी आहे. एका पेशंटला तो लावू नये.

वयानुसार पाहायचं तर किरणांच्या धोक्यावरच्या २००६ च्या अमेरिकन बीअर-७ अहवालातला तक्ता घ्या. १०० मिलिग्रे सर्वांगाला मिळाले तर दर लाखामागे आयुष्यभरात वाढणारे कॅन्सर: ३० वर्षांची स्त्री १०६५, त्याच वयाचा पुरुष ६८६, १० वर्षांची मुलगी २६११, ६० ची स्त्री ५८६. तुमच्या केसमध्ये १०० ऐवजी २८, म्हणून १०६५ × ०.२८, म्हणजे लाखात ३०० च्या आसपास. भारतात तसाही नऊपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, म्हणजे लाखात ११ हजार. त्यावर हे ३००. आणि हा ३०० काही दगडावरची रेघ नाही, खरा आकडा याच्या निम्मा किंवा दुप्पटही असू शकतो.

फँटम३२: यात एक मेख आहे. त्या १०६५ पैकी स्तनाचे २५३ आणि फुप्फुसाचे २४२, म्हणजे जवळपास अर्धे. केयूबीत स्तनांवर थेट किरण जवळजवळ पडतच नाहीत. उलट मोठं आतडं, मूत्राशय, अंडाशय पूर्ण झोतात. सीटीडीआय ३२ सेंमी व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर (फँटमवर) मोजलेला असतो, म्हणून पोटाचा सरासरी व्यास २८ सेंमी असेल तर तो १.३२ ने गुणा: ९.८ चे १३ मिलिग्रे. पहिला केयूबी आणि युरोग्राफीचे तीन फेज (वेगवेगळ्या वेळी घेतलेले स्कॅन) धरून चार फेऱ्या, म्हणजे या अवयवांना सुमारे ५० मिलिग्रे. एकूण आकडा त्याच पट्टीत राहतो, पण धोका कुठल्या अवयवाला हे साफ बदलतं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचं रॅडरॅट हे धोका काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात जन्मवर्ष, स्कॅनचं वर्ष आणि प्रत्येक अवयवाचा डोस मिलिग्रेमध्ये वेगळा भरा. फक्त तिथली मूळ लोकसंख्या अमेरिकन आहे हे ध्यानात ठेवा.

वर्धारोड_४४: धन्यवाद दोघांनाही. भाच्याचाही पोटाचा सीटी झालाय, वय १०. तोच गुणक?

फँटम३२: आकडा तोच, ०.०१५, पण तो १६ सेंमी फँटमवरचा आहे. डोसच्या पानावर ३२ लिहिलं असेल तर आधी डीएलपी साधारण दुप्पट करा, नाहीतर धोका निम्माच दिसेल. पाच वर्षांच्या मुलाला ०.०२०. आणि पानाच्या तळाशी एकूण डीएलपी छापलेला असेल तर वरच्या ओळी पुन्हा मिळवू नका, हे हमखास होतं.

किरणमापक: यापुढे खडा दुखला की आधी सोनोग्राफी आणि साधा एक्स-रे. नागपूरच्या उन्हाळ्यात खडा पुन्हा होणारच नाही असं कोण सांगणार बाप्पा! सीटी लागलाच तर चिठ्ठीवर "लो-डोस केयूबी" लिहून घ्या. सडपातळ माणसाला डीएलपी २०० च्या आत बसतो, म्हणजे ३ मिलिसीव्हर्ट. युरोग्राफी सांगितली तर तीनही फेज कशाला, हे डॉक्टरांना विचारा. दर फेज म्हणजे अख्ख्या पोटाचा नवा स्कॅन. तुमचे १४२० भागिले तीन करून पाहा, पहिल्या स्कॅनचाच आकडा येईल.